खेळांत राजकारण आणलें कोणीं ?



क्रिकेटचा सामना संपला म्हणजे मैदानावरील खेळाडू हस्तांदोलन करून आपापल्या बिऱ्हाडीं जातात. परंतु घरोघरच्या दिवाणखान्यांत त्याच वेळीं दुसरा सामना सुरू होतो. त्याला पंच नसतात, चहा आला तरी खेळ थांबत नाहीं, आणि त्यांत आजवर कोणी हरल्याचें ऐकिवांत नाहीं. अशाच एका सामन्याची हकीकत सांगून आजच्या विषयास आरंभ करतों.

२४ ऑक्टोबर २०२१ रोजीं दुबई येथें वीस षटकांच्या विश्वचषकांत पाकिस्तानच्या संघानें भारताचा दहा गडी राखून पराभव केला. त्या रात्रीं आमच्या घरीं शेजारचे एक वृद्ध गृहस्थ आले होते आणि माझा महाविद्यालयांत शिकणारा पुतण्याही होता. पराभवाच्या त्राग्यांत त्या गृहस्थांनीं मोहम्मद शमी यांचें नांव घेतलें आणि त्यांच्या गोलंदाजीविषयीं नव्हे, तर त्यांच्या धर्माविषयीं एक शेरा मारला. पुतण्या ताडकन् म्हणाला, “आजोबा, हें तुम्ही त्यांच्या चेंडूबद्दल बोलतां कीं नांवाबद्दल ?” झालें ! वाद चेंडूवरून निघून देशभक्तीवर गेला, तेथून वर्तमानपत्रांवर आला. आजोबांच्या मतें पुतण्याचें वर्तमानपत्र विकलें गेलेलें, पुतण्याच्या मतें आजोबांचें. शेवटीं घरचा वडीलधारा म्हणून मीं मध्यें पडून म्हटलें, “अरे, खेळांत राजकारण कशाला आणतां ?” त्यावर पुतण्यानें शांतपणें विचारलें, “काका, माझाही प्रश्न तोच आहे. तें आणलें कोणीं ?”

मला उत्तर सुचलें नाहीं. मीं चहा मागविला आणि विषय बदलला. आजचें हें भाषण म्हणजे त्या प्रश्नास मीं उशिरां दिलेलें उत्तर आहे, असें समजावें.

प्रथम मनांत आला तो धांवफलक. क्रिकेटच्या रसिकांस एक भाग्य असें लाभलें आहे कीं, त्यांच्या वादांत निदान एक साक्षीदार निःपक्षपाती असतो. त्या सामन्यांत भारताच्या १५१ धांवा झाल्या आणि पाकिस्ताननें एकही गडी न गमावतां १५२ केल्या. म्हणजे भारताच्या एकाही गोलंदाजास त्या दिवशीं बळी मिळाला नाहीं. अपयश सर्वांचें होतें. परंतु देशभरांतून अपशब्दांचा वर्षाव झाला तो प्रामुख्यानें एकावर. कर्णधार विराट कोहली यांनीं आठवड्याच्या आंत जाहीरपणें सांगितलें कीं, धर्मावरून माणसावर हल्ला करणें यासारखी केविलवाणी गोष्ट नाहीं. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत लंडनच्या वेंब्ले मैदानावर युरोपीय फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत इटलीनें इंग्लंडला हरविलें. निर्णायक पेनल्टींत इंग्लंडचे रॅशफर्ड, सँचो आणि साका हे तिघे चुकले. आणि ते तिघेही कृष्णवर्णी असल्यामुळें त्यांच्या वर्णावरून शिव्यांचा भडिमार झाला. देश निराळा, खेळ निराळा, रोग मात्र तोच.

येथपर्यंत धांवफलक आपल्याला साथ देतो. पण ज्या गोष्टी धांवफलकावर कधींच लिहिल्या जात नाहींत, त्यांचें काय ? त्यासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. आपल्या मुंबईचाच इतिहास पुरे आहे.

मुंबईंत १८९२ सालापासून युरोपियन विरुद्ध पारशी असे वार्षिक सामने होऊं लागले. १९०७ सालीं त्यांत हिंदूंचा संघ आला, १९१२ सालीं मुसलमानांचा, आणि १९३७ सालीं ‘इतर’ या नांवाचा पांचवा संघ निघाला. चौरंगी आणि पंचरंगी सामने म्हणून ते प्रसिद्ध पावले. आमच्या वडिलांच्या पिढीनें त्यांच्या आठवणी जन्मभर सांगितल्या, आणि त्या आठवणींत गोडी होती हें मी नाकारीत नाहीं. परंतु डिसेंबर १९४३ मधील अंतिम सामना पाहा. विजय हजारे हे सांगलीचे, मराठी ख्रिस्ती कुटुंबांतले. हिंदूंच्या ५८१ धांवांपुढें त्यांचा संघ पहिल्या डावांत १३३ धांवांत गारद झाला. दुसऱ्या डावांत संघाच्या ३८७ धांवा झाल्या, त्यांत एकट्या हजाऱ्यांच्या ३०९ होत्या. एवढा पराक्रम करणारा हा सांगलीचा मराठी गडी खेळत होता तो ‘इतरां’कडून ! त्या दिवशीं मैदानांत बसलेल्या कित्येक मराठी प्रेक्षकांनीं त्याच्या फटक्यांवर टाळ्या पिटल्या असतील. पण तो ‘आपला’ कीं ‘परका’ याचा निकाल त्यांच्या मनानें लावलेला नव्हता. तो पहिला चेंडू पडण्यापूर्वींच, संघांस नांवें देतांना लागून गेला होता.

आतां गंमत अशी कीं, १९४० च्या डिसेंबरांत हिंदु जिमखान्याच्या प्रतिनिधींनीं गांधीजींचा सल्ला विचारला, तेव्हां महाविद्यालयांचे किंवा संस्थांचे सामने आपणांस समजतात, पण धर्मवार संघ कशासाठीं हें कधींच समजलें नाहीं, अशा आशयाचें मत त्यांनीं दिलें. त्यावर या सामन्यांच्या अभिमान्यांनीं तक्रार केली ती हीच कीं, खेळांत राजकारण आणूं नये. धर्मावरून संघ पाडणें हा खेळ, आणि तसें पाडूं नका म्हणणें हें राजकारण ! ज्या व्यवस्थेंत आपण वाढलों ती आपल्याला हवेसारखी असते. तिचें वजन जाणवत नाहीं. जो तिच्याकडे बोट दाखवितो त्याच्यामुळेंच गडबड झाली, असें आपल्याला प्रामाणिकपणें वाटतें. १९४५-४६ च्या हंगामानंतर ही स्पर्धा बंद झाली, आणि मुंबईचें क्रिकेट कांहीं त्यामुळें बुडालें नाहीं.

याहून बोचणारी हकीकत पाळवणकर बंधूंची आहे. बाळू पाळवणकर हे डावखुरे फिरकी गोलंदाज, चर्मकार समाजांत जन्मलेले. पुण्याच्या हिंदु मंडळींनीं त्यांस खेळावयास घेतलें, कारण गोऱ्यांना हरवावयाचें तर त्यांच्या हातचा चेंडू हवा होता. पण चहाच्या सुटींत त्यांस चहा मिळे तो बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यांत. १९०६ च्या फेब्रुवारींत मुंबईस हिंदूंनीं युरोपियनांस १०९ धांवांनीं हरविलें, त्या विजयांत बाळूंचा वाटा मोठा होता. १९११ सालीं हिंदी संघ इंग्लंडला गेला. तेथें संघाची कामगिरी बेताचीच झाली, पण बाळूंनीं ११४ बळी घेतले. हे सारे आंकडे धांवफलकावर आहेत. मातीचें भांडें धांवफलकावर नाहीं.

१९२० च्या चौरंगी सामन्यांत बाळूंना वगळण्यांत आलें, आणि त्यांचे बंधू विठ्ठल यांचा कर्णधारपदावरील हक्क डावलला गेला. तेव्हां विठ्ठल व शिवराम या दोघां बंधूंनीं संघांतून अंग काढून घेतलें आणि आपला अपमान जातीमुळें झाला असें जाहीर पत्रकानें सांगितलें. वर्तमानपत्रांतून मोठा वाद माजला. येथें मला दुसरी बाजूही मांडली पाहिजे. बाळूंचें वय त्या वेळीं चाळिशीपलीकडे गेलें होतें. गोलंदाजास वयाकरितां वगळणें हा अन्याय नव्हे, असें एखादा निर्मळ मनाचा रसिकही म्हणूं शकला असता. प्रत्येक वगळणुकीमागें जात, धर्म किंवा वर्ण पाहणें हा उतावीळपणा होईल. परंतु ज्या माणसानें वर्षानुवर्षें बाहेर बसून चहा घेतला, त्याच्या घरच्यांनीं संशय घेतला तर त्या संशयास आधार नव्हता, असें कोण म्हणेल ? विठ्ठल यांचा फलंदाज म्हणून लौकिक त्या वेळीं ऐन भरांत होता. त्यांच्या बाबतींत वयाची सबब चालण्यासारखी नव्हती. पुढें समेट झाला, आणि १९२३ सालीं विठ्ठल हिंदूंचे कर्णधार झाले. त्यांच्या नेतृत्वाखालीं हिंदूंनीं युरोपियनांविरुद्धचा अंतिम सामना जिंकला. ज्या न्यायाची मागणी तीन वर्षांपूर्वीं राजकारण ठरली होती, तिचें फळ मात्र सर्वांनीं आनंदानें चाखलें.

आतां वर्तमानपत्रांच्या पक्षपाताकडे वळूं; कारण घरोघरच्या वादांत शेवटचें अस्त्र तेंच असतें. यासाठीं १९६८ सालची इंग्लंडमधील एक घटना सांगतों. बेसिल डॉलिव्हेरा हे केपटाऊनचे. तेथील वर्णभेदी कायद्यांनीं त्यांस ‘कलर्ड’ ठरविलें असल्यानें स्वतःच्या देशाच्या संघाचें दार त्यांस बंद होतें. १९६० सालीं ते इंग्लंडला आले आणि १९६६ पासून इंग्लंडकडून खेळूं लागले. १९६८ च्या ऑगस्टमध्यें ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनीं १५८ धांवा केल्या, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्याचा संघ जाहीर झाला त्यांत त्यांचें नांव नव्हतें. निवड केवळ खेळाच्या गुणांवर झाली, असें अधिकाऱ्यांनीं सांगितलें. लोकांत संतापाची लाट उठली. एका खपाऊ साप्ताहिकानें डॉलिव्हेरांनाच त्या दौऱ्याचा वृत्तांत लिहिण्यासाठीं नेमलें. मग टॉम कार्टराइट हे दुखापतीमुळें गळाले, त्यांच्या जागीं डॉलिव्हेरांची निवड झाली, आणि दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान फॉर्स्टर गरजले कीं, हा क्रिकेटचा संघ नसून वर्णभेदविरोधी चळवळीचा संघ आहे. त्याच सप्टेंबरांत दौरा रद्द झाला. कोणत्या वर्णाच्या माणसानें कोणत्या वर्णाच्या माणसाशीं खेळावें हें ज्या सरकारनें ठरविलें होतें, तेंच सरकार खेळांत राजकारण घुसल्याची तक्रार करीत होतें !

त्या साप्ताहिकास आपला खप वाढवावयाचा होता, हें उघड आहे. पण म्हणून डॉलिव्हेरांवरील अन्याय खोटा ठरतो काय ? नाहीं. बातमी देणाराचा हेतु आणि बातमीची सत्यता या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आपण वादांत त्यांची सरमिसळ करतों. नावडत्या पत्रानें सांगितलेलें सत्य आपल्याला असत्य वाटतें, आणि आवडत्या पत्राचें मौन आपल्या लक्षांतही येत नाहीं. पक्षपात पुष्कळदां खोटें सांगण्यांत नसतो. तो विशेषणांत असतो आणि वगळण्यांत असतो. आपल्या खेळाडूनें आरडाओरड केली तर ती ‘जिगर’, दुसऱ्याची तीच ‘उर्मटपणा’. ही विशेषणें खोडून वृत्तांत पुन्हां वाचावा. पुष्कळ वेळां दोन्ही वर्तमानपत्रें एकच हकीकत सांगत असल्याचें दिसून येईल. आणि तीं दोन्ही मिळून ज्याविषयीं बोलत नाहींत, तें मात्र स्वतःच शोधावें लागेल.

मग आपण प्रेक्षकांनीं करावें तरी काय ? वाद घालूंच नये, असा उपदेश मी करणार नाहीं. वादाशिवाय क्रिकेट म्हणजे मिठाशिवाय आमटी ! मी फक्त स्वतःला तीन प्रश्न विचारण्याची संवय लावून घेत आहें. पहिला : मी ज्याला राजकारण म्हणतों, तें या माणसानें आतां आणलें, कीं तें आधींपासूनच नियमांत, नांवांत किंवा चहाच्या भांड्यांत होतें ? दुसरा : याच चुकीबद्दल, याच आवाजांत, मी माझ्या जातीच्या किंवा धर्माच्या खेळाडूस हेंच बोललों असतों काय ? आणि तिसरा : ही बातमी मला पटते ती पुराव्यामुळें, कीं ती माझ्या बाजूची आहे म्हणून ? हे प्रश्न पुतण्याच्या पिढीसही लागू आहेत. संतापाचें कारण योग्य असलें म्हणजे प्रत्येक आरोप योग्य होतो, असें नाहीं.

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर त्या रात्रीं मला ठाऊक होतें. शमी यांच्या जागीं दुसऱ्या कोणा गोलंदाजाचें नांव असतें तर आमच्या शेजाऱ्यांनीं फार तर त्याची लय बिघडली असें म्हटलें असतें. तें मला दिसत होतें, आणि तरीही मीं दोघांनाही एकाच वाक्यानें गप्प केलें. जणूं शेरा मारणारा आणि त्यास हरकत घेणारा यांचा अपराध सारखाच होता. माझ्या तडजोडीची ती चूक होती. तेव्हां धांवफलक पुढें ठेवून एवढेंच म्हणावयास हवें होतें, “आजोबा, बळी कोणालाच मिळाला नाहीं. मग हें एकच नांव कां ?”

ते गृहस्थ अजूनही सामना पाहावयास आमच्याकडे येतात, आणि आम्ही त्यांची खुर्ची राखून ठेवतों. पुढच्या वेळीं तसा प्रसंग आला तर चहा मागविण्यापूर्वीं मी हा प्रश्न विचारीन. आपणांपैकीं ज्यांच्या घरीं असे सामने होतात, त्यांनींही तो विचारून पाहावा, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.