शोधकाची निवड

स्वतःच्या खर्चाने स्वतःची कादंबरी छापण्यास सिद्ध झालेल्या लेखकबंधुभगिनींनो,

एका अंगास पंचगंगा आणि दुसऱ्या अंगास उसाचे मळे असलेल्या या कसबा बावड्यात, जेथे १८७४ साली राजर्षी शाहू छत्रपतींचा जन्म झाला, मुद्रितशोधनासारख्या रुक्ष विषयावर बोलण्याची अनुज्ञा आपण मला दिलीत, याबद्दल मी ऋणी आहे. विषय रुक्ष खरा, पण निकडीचा आहे. कारण हस्तलिखित वाचणारा संपादक, प्रुफे तपासणारा शोधक आणि अखेरचा फर्मा डोळ्यांखालून घातल्यावाचून छपाईचा हुकूम न देणारा व्यवस्थापक, ही जी माणसे प्रकाशकाच्या पदरी असत, त्या सर्वांची मुखत्यारी स्वप्रकाशनाच्या वाटेने जाणाऱ्या लेखकाने एकट्याच्या शिरावर घेतलेली असते. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या संस्कृत ग्रंथांवर काशिनाथ पांडुरंग परब आणि वासुदेव लक्ष्मणशास्त्री पणशीकर यांची नावे ग्रंथाच्या शीर्षकपृष्ठावरच संशोधक म्हणून झळकत, एवढी त्या कामाची प्रतिष्ठा होती. आज बहुधा पहिला आणि शेवटचा प्रश्न असतो तो पानाच्या दराचा.

दर अवश्य विचारावा. परंतु त्याआधी आपल्या कादंबरीतील दहा-पंधरा पाने, आणि तीही संवादांनी भरलेली, नमुन्यादाखल द्यावीत, योग्य तो मोबदला देऊन तपासून घ्यावीत, आणि परत आल्यावर शोधकाने काय दुरुस्त केले यापेक्षा काय तसेच राहू दिले, याची बारकाईने रुजुवात करावी. आपल्या कोल्हापूरकडची म्हातारी ‘मी येतो गं’ म्हणून उंबरठा ओलांडते. शुद्धलेखनाचा जाडा चष्मा लावून बसलेला शोधक तिथे तत्काळ ‘येते’ करतो आणि एका अक्षराच्या फरकाने ती म्हातारी बावड्याची राहत नाही. गुऱ्हाळावरच्या प्रकरणात ‘काहील’ या शब्दाची ‘कढई’ झाली, ‘गुळव्या’ खोडून ‘गूळ बनवणारा’ आला, तर समजावे की या गृहस्थास व्याकरण येत असेल, पण कादंबरी वाचता येत नाही. साहित्य महामंडळाच्या ज्या नियमांचा असे शोधक आधार घेतात, जे शासनाने १९६२ साली मान्य केले आणि १९७२ साली चारांची भर पडून अठरा झाले, त्या नियमांतच पात्रांच्या तोंडी बोलण्यातली रूपे येऊ देण्याची मोकळीक आहे. उलट निवेदनात ‘दिन’ आणि ‘दीन’ यांची गल्लत दिसताच ज्याची लेखणी थबकते, आणि ‘मी येतो’ पाहून जो समासात केवळ प्रश्नचिन्ह करून लेखकाचा अभिप्राय मागतो, तो माणूस थोडा महाग पडला तरी हातचा जाऊ देऊ नये.

दुसरी गोष्ट यंत्राची. जुन्या फॉन्टातील मजकूर युनिकोडात नेताना, किंवा तेथून पानांच्या मांडणीत ओतताना, कित्येकदा अर्ध्या ‘र’चे आडवे रूप नाहीसे होऊन वर रफार चढतो. मग सह्याद्रीच्या दऱ्यांचा ‘दर्या’ होतो, आणि गुऱ्हाळाचे ‘गुर्हाळ’ तर आपण राजरोस पाहतोच. हस्तलिखित कितीही निर्मळ असले तरी हे दोष मागाहून शिरतात. सबब, मांडणी पुरी झाल्यावर छापील कागदावर एक स्वतंत्र वाचन झालेच पाहिजे. शोधक ते करणार की नाही, एकंदर वाचने किती, दुरुस्त्या मांडणीत उतरल्या की नाहीत हे कोण ताडून पाहणार, हा सर्व तपशील करारनाम्यात कलमवार यावा. ‘आपल्यातलेच आहेत’ एवढ्यावर व्यवहार सोडल्याने पुस्तकही बिघडते आणि स्नेहही.

राहता राहिली मुदत. प्रकाशनाचा मुहूर्त, सभागृह, पाहुणे, हारतुरे यांची तजवीज आधी करावयाची आणि तो मुहूर्त पंधरवड्यावर आल्यावर तीनशे पानांची कादंबरी शोधकाकडे धाडावयाची, ही आपल्याकडची रूढी आहे. अशा वेळी ‘होऊन जाईल, साहेब’ म्हणणारे पुष्कळ भेटतील. स्वच्छ नकार देणारा एखादाच असतो. मुहूर्त पुढे ढकलावा आणि त्याच्याच दारी पुन्हा जावे.