छोट्या इंजिनाला दिवा



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे जुन्या मिनीबाईकच्या इंजिनाला दिवा बसवण्याचा विषय छापलेला पाहून अनेकांनी आम्हाला विचारले, की बोनस आणि महागाई भत्ता सोडून कामगार संघटनेच्या माणसाने हे काय काढले? त्यांना आमचे उत्तर असे, की कोणत्या यंत्राला दिवा असावा आणि कोणत्याला नसावा हे शास्त्र ठरवीत नाही. ते यंत्र चालवणारा माणूस अंधारात सापडेल काय, असा प्रश्न कोणाला पडला की नाही, त्यावर ते ठरते. शास्त्र १८३१ सालीच तयार होते. तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक हलवला की तारेत वीज उत्पन्न होते, हे त्या साली मायकेल फॅरेडेने दाखवले. हा गृहस्थ लोहाराचा मुलगा, पुस्तके बांधणाऱ्याकडे उमेदवारी केलेला. बांधायला आलेली पुस्तकेच वाचून तो शिकला. आमच्यासारख्या शाळेबाहेर शिकलेल्यांना त्याचे नाव घेताना थोडे अधिक बरे वाटते, हे कबूल केले पाहिजे.

आता मिनीबाईक म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्याकडे ती फारशी कोणी पाहिलेली नाही. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत मुलांमध्ये या गाडीची लाट आली. वाकवलेल्या नळ्यांचा ठेंगणा सांगाडा, दोन लहान जाड चाके, वेग वाढला की आपोआप पकड घेणारा क्लच, गिअर नाहीत, आणि मध्ये तीन ते पाच अश्वशक्तीचे गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन. सांगाडे करणारे पुष्कळ होते; इंजिने बहुतेक दोन घरांची. एक मिल्वॉकी शहरातली १९०८ साली निघालेली ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन आणि दुसरी टेकम्सी. ब्रिग्जने १९५३ साली ॲल्युमिनियमचे हलके इंजिन काढले आणि घराघराच्या हिरवळीवर ते फटफटू लागले. ते उचलून सांगाड्यात बसवले की मिनीबाईक झाली.

या इंजिनात बॅटरी नाही. तरी प्लगमध्ये ठिणगी पडते ती कशी? इंजिनाच्या एका टोकाला जड चाक असते, त्याला कारागीर फ्लायव्हील म्हणतात. त्याच्या बाहेरच्या कडेत एक लोहचुंबक बसवलेला असतो आणि त्या कडेजवळ, पोस्टकार्डाच्या जाडीइतके अंतर ठेवून, एक कॉइल उभी असते. चुंबक तिच्यासमोरून गेला की तिच्यात वीज उठते. नेमक्या त्या क्षणी फ्लायव्हीलखालचे पॉइंट उघडतात आणि प्लगवर ठिणगी उडते. चार फेरांच्या इंजिनाला दोन फेऱ्यांत एकच ठिणगी लागते, पण ही यंत्रणा दर फेरीला एक देते. दुसरी ठिणगी धूर बाहेर पडत असताना वाया जाते. व्यवस्था स्वस्त आणि टिकाऊ आहे. परंतु वीज मिळते ती ठिणगीपुरतीच. त्या कॉइलमधून दिव्यासाठी वीज चोरू पाहाल, तर दिवा पेटण्याआधी इंजिन बंद पडेल.

दिव्यासाठी वेगळी कॉइल का ठेवली नाही? गवत रात्री कोणी कापत नाही म्हणून. त्याच जातीच्या इंजिनांवर बर्फ हटवण्याची यंत्रे चालतात, आणि त्यातल्या कित्येकांच्या फ्लायव्हीलखाली दिव्याची कॉइल मूळचीच सापडते. कारण बर्फ हिवाळ्यात पडते आणि कामावर जाण्याआधी, उजाडण्यापूर्वी, ते दारातून काढावे लागते. कारखाना तोच, माणसे तीच, इंजिनही जवळजवळ तेच. गवताच्या इंजिनावर मात्र पुढे दहाबारा वर्षांची मुले बसली आणि संध्याकाळी खेळत खेळत रस्त्याकडेला आली, तेव्हा मागून येणाऱ्या मोटारीला ती दिसणार कशी, हा विचार त्या इंजिनाच्या जन्मात कोठेच नव्हता.

याच्या उलट गोष्ट आपल्याच मुंबईत घडलेली आहे. तेथे १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले. त्याआधी सूर्य मावळला की साचे थांबत. दिवे आले आणि दिवस तेरा-चौदा तासांचा झाला. कामगारांनी त्याविरुद्ध गडबड केली, सरकारने चौकश्या नेमल्या, आणि १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांना बारा तासांची मर्यादा मिळाली. तेथे दिवा आला तो साच्यासाठी. म्हणून दिवा दिसला की तो कोणाच्या सोयीसाठी लावला आहे, हे विचारण्याची आम्हाला खोड लागली आहे.

आता कामाकडे वळू. समोर टेबलावर ठेवलेले हे फ्लायव्हील अमेरिकेचे नाही. जुन्या बाजारात घेतलेले लूनाचे आहे. १९७२ साली निघालेली ती पन्नास सी.सी.ची लूना या सभेतल्या अर्ध्या लोकांनी चालवली असेल. याच्या आतल्या कडेला हात फिरवला तर चुंबक लागतील. त्यांच्या पोटात दोन कॉइली बसत, एक ठिणगीची आणि एक दिव्याची. दुसऱ्या पाळीहून रात्री घरी येणाऱ्या माणसासाठी ती गाडी होती आणि बनवणाऱ्यांना ते ठाऊक होते. तिचा दिवा चौकात मंद होई आणि मूठ पिळली की उजळे, हेही तुम्हाला आठवत असेल. चुंबक जितका वेगाने फिरेल तितका विजेचा दाब अधिक, एवढेच त्याचे कारण. फोर्डच्या टी मॉडेल मोटारीला १९१५ साली विजेचे दिवे लागले, तेही फ्लायव्हीलवर बसवलेल्या सोळा चुंबकांच्या जोरावर. आणि खड्ड्यातून मोटार हळू चालवताना, म्हणजे उजेड सर्वांत हवा असताना, ते दिवे सर्वांत मंद होत.

तर मिनीबाईकच्या जुन्या इंजिनाला दिवा द्यायचा म्हणजे लूनाची ही पोटातली व्यवस्था तेथे न्यायची. वरचे पत्र्याचे आवरण काढावे, फ्लायव्हील पुलरने उपसावे. हातोडीचे काम नाही, कडा फुटते. खाली कॉइल बसवण्यासाठी ओतकामातच जागा आणि आटे ठेवले आहेत का ते पाहावे. असतील तर निम्मे काम झाले. निम्मेच, कारण आतल्या बाजूला चुंबक असलेले फ्लायव्हील नसेल तर कॉइल म्हणजे नुसती तांब्याची गुंडाळी. दोन्ही लागतात. फ्लायव्हील कोणतेही चालत नाही. त्याच्या चावीची खाच आणि कडेचा ठिणगीचा चुंबक यांचे नाते पक्के ठरलेले असते. ते चुकले की ठिणगी अवेळी पडते आणि इंजिन दोरीला झटका देऊन मनगट उखडते. ब्रिग्जच्या इंजिनात ही चावी मुद्दाम मऊ धातूची असते. पाते दगडावर आपटले तर चावी तुटावी आणि दांडा वाचावा, ही तिची नोकरी आहे. काही शहाणे तेथे पोलादाची चावी घालतात. तसे करू नये.

दिवा लावला तर इंजिनाची ताकद खाईल, असा आक्षेप निघतो. हिशोब करून पाहू. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. तीन अश्वशक्तीच्या इंजिनाजवळ सव्वादोन हजार वॉट आहेत. पस्तीस वॉटच्या दिव्यासाठी मधली नासधूस धरून सत्तर वॉट गेले असे माना, तरी शंभरात तीन. एवढ्या खर्चासाठी अंधार सोसणे आम्हाला पटत नाही. खर्चाचा आकडा न मांडता 'परवडत नाही' म्हणणारे लोक आम्हाला वाटाघाटीत पुष्कळ भेटले आहेत.

बल्बांची निवड मात्र काळजीने करावी. बॅटरी आणि रेग्युलेटर नसलेल्या साध्या जोडणीत पुढचा आणि मागचा बल्ब मिळून कॉइलचा भार पेलतात. मागचा लहान बल्ब गेला की दाब वाढतो, त्याची वीज पुढच्यावर चढते, आणि इंजिनाने वेग घेतला की पुढचाही जळतो. लूनावाल्यांना हा अनुभव आहे. एकाने जागा सोडली की त्याचा बोजा शेजाऱ्यावर पडतो. आम्हाला हे यंत्र ओळखीचे वाटते ते अशा ठिकाणी. म्हणून रेग्युलेटर घालावा. आजचे एलईडी दिवे लावायचे असतील तर कॉइलमधून येणारी उलटसुलट वीज आधी चार डायोडांच्या पुलावरून एका दिशेला वळवावी आणि पुढे एक कपॅसिटर ठेवावा. नाहीतर मंद वेगात दिवा थरथरतो.

कॉइल मिळणे हीच खरी अडचण आहे. टेकम्सीचा इंजिनांचा धंदा २००७ साली विकला गेला आणि पुढच्या वर्षी बंद झाला. मिल्वॉकीत १९८३ साली ब्रिग्जच्या कामगारांनी मोठा संप केला होता; १९९४ साली कंपनीने त्या शहरातली सुमारे दोन हजार कामे दुसरीकडे नेण्याचे जाहीर केले; २०२० साली तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ती दुसऱ्या मालकाकडे गेली. कोणते फ्लायव्हील कोणत्या दांड्यावर बसते हे ज्यांच्या हातांना ठाऊक होते ते हात पांगले. आता जुनी मिनीबाईक जपणारे लोक मेलेली बर्फाची इंजिने शोधत फिरतात, ती उघडून मापे घेतात आणि एकमेकांना सांगतात. पगार न घेता चाललेले हे कारखान्याचेच काम आहे. गिरण्या गेल्यावर साच्याची माहिती कोणाच्या डोक्यात उरली, याचा विचार आपण मुंबईत, सोलापुरात केला नाही. म्हणून त्या परक्या पोरांचे आम्हाला कौतुक वाटते.

ज्यांना कॉइल मिळत नाही त्यांनी बॅटरी ठेवावी. बारा व्होल्ट, सात अँपिअर-तासांची बंद बॅटरी म्हणजे चौऱ्याऐंशी वॉट-तास. ती अर्ध्याखाली उतरू दिली नाही तर दहा वॉटचा एलईडी चार तास चालतो. पस्तीस वॉटचा जुना बल्ब सव्वा तासात तेवढीच वीज संपवतो. घरी आल्यावर ती भरावी लागते, हाच काय तो त्रास. सायकलचा डायनॅमो टायरला घासून चालवणारेही आहेत, पण तो तीन वॉटचा, सायकलच्या वेगासाठी केलेला. मिनीबाईकच्या वेगात बल्ब उडवतो. आणि दिवा लावला म्हणून ही गाडी रस्त्यावर नेण्याची परवानगी मिळाली असे समजू नये. तेथले नियम निराळे, आपले निराळे. आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबरच लागतो, भर दुपारीसुद्धा. लोक खुणा करून 'दिवा चालू आहे' म्हणून सांगत, ते आठवते. समोरच्याला आपण दिसावे म्हणून तो आहे, हे पटायला वेळ लागला.

जोडणी करताना मागचा दिवा आधी जोडावा. पुढचा नसला तर चालवणाऱ्याला ते लगेच कळते; मागचा नसला तर त्याला कळत नाही. तार सायलेन्सरपासून दूर न्यावी आणि पत्र्यातून जाते तेथे रबरी कडे घालावे. ज्यांना फ्लायव्हील हातात घेऊन पाहायचे असेल त्यांनी व्याख्यान संपल्यावर पुढे यावे. चुंबकाजवळ मनगटी घड्याळ मात्र आणू नये.