माळ्यावरील वाद्य आणि खणांतील कागद

(सुवर्णमहोत्सवाच्या सप्ताहांत गायनमंडळापुढें केलेलें भाषण)



गेल्या महिन्यांत चर्चचा माळा झाडतांना आमच्या तरुण मंडळींनीं विचारलें, "फादर, हा जुना व्हॉल्व्हांचा ऑर्गन कित्येक वर्षें मुका आहे. भंगारांत देऊं काय?" प्रश्न रास्त होता. त्याच्या उत्तरासाठीं आम्हीं आजचा प्रसंग मुद्दाम निवडला. कारण उत्तराबरोबर आमची एक चूकही आम्हांस कबूल करावयाची आहे.

प्रथम हें वाद्य काय आहे तें पाहूं. संगीत नाटकांतील ऑर्गन आपण जाणतां. त्यांत भात्यानें खेळविलेली हवा धातूच्या पट्ट्यांस कंप देते. युरोपांतील मोठ्या चर्चमध्यें तीच हवा नळ्यांतून घुमते. ह्या तिसऱ्या जातीच्या वाद्यांत स्वर उत्पन्न करण्यास हवा लागतच नाहीं. काचेच्या निर्वात नळींतून विजेचा प्रवाह वाहतो आणि मधली एक जाळी त्यास आवरते. ही जाळीची नळी अमेरिकेंत ली डी फॉरेस्ट यांनीं १९०६ सालीं सिद्ध केली. नळींतून निघालेल्या प्रवाहाचा अंश पुन्हां तिच्याच जाळीकडे वळविला कीं ती आपोआप कंप पावूं लागते. ते कंप कर्ण्यांतून ऐकूं आले कीं तोच स्वर. फ्रान्समध्यें कुप्ले बंधू व अभियंते आर्मां जिव्हले यांनीं अशा नळ्यांचा ऑर्गन रचिला, आणि १९३१ सालीं पॅरिसजवळील विलमोंब्ल येथील चर्चमध्यें तो वाजूं लागला.

पुढें १९३९ सालीं शिकागोच्या हॅमंड कंपनीनें ‘नोव्हाकॉर्ड’ नांवाचें वाद्य विक्रीस आणलें. त्यांत १६३ व्हॉल्व्ह होते. त्याची युक्ति मनोवेधक आहे. ७२ पट्ट्यांसाठीं ७२ स्वरजनक न ठेवतां सर्वांत वरच्या सप्तकाचे १२ तेवढे ठेविले. खालचा प्रत्येक स्वर वरच्याची कंपनें निम्मीं करून मिळविला. ८८० चीं ४४०, ४४० चीं २२०, असें पायरीपायरीनें. बारा ठिकाणीं सूर जुळला कीं सारें वाद्य जुळलें. परंतु महायुद्धामुळें १९४२ सालीं त्याची निर्मिति थांबली, ती कायमचीच. सुमारें एक हजार नगच काय ते बनले.

ह्यांपैकीं जीं थोडीं वाद्यें आज पुन्हां बोलतात, तीं कशाच्या बळावर? कारागिरांसाठीं छापलेल्या पुस्तिकेच्या आणि नकाशांच्या. कागदी कंडेन्सर कालांतरानें ओल धरतात व गळूं लागतात; रेझिस्टन्स आपलें मूळ मान सोडतात. जेथें मूळ वस्तूच खोटें सांगूं लागते, तेथें ती पूर्वीं काय होती हें केवळ कागद सांगतो. म्हणून लंडनमध्यें १९४९ सालीं ॲलन डग्लस यांनीं आणि अमेरिकेंत १९५४ सालीं रिचर्ड डॉर्फ यांनीं अशा वाद्यांच्या रचनेवर जे ग्रंथ प्रसिद्ध केले, त्यांची किंमत आज पूर्वीहून अधिक आहे.

आतां आमची चूक. पंचवीस वर्षांपूर्वीं दुसऱ्या एका धर्मग्रामांत आम्ही साहाय्यक धर्मगुरु होतों. नाताळपूर्वींच्या साफसफाईंत तेथील ऑर्गनच्या बाकाखालचा खण आम्हीं उघडला. आंत आकृत्यांनीं भरलेले पिवळे कागद होते. आम्हांस त्यांतलें एक अक्षर कळलें नाहीं, म्हणून ते रद्दींत घातले. दोन वर्षांनीं वाद्य मुकें झालें. रेडिओ दुरुस्त करणारा एक वृद्ध कारागीर आला. त्यानें मागची फळी काढली, बराच वेळ पाहिलें आणि विचारलें, "फादर, ह्याचा नकाशा कोठें आहे?" आम्ही खालीं पाहत राहिलों. तो म्हणाला, "आंत शेंकडों व्होल्टांचें काम. वीज बंद केली तरी कंडेन्सरांत भार राहतो. नकाशाविना हात घालणें बरें नव्हे." तें वाद्य भंगारांत गेलें. जें आपणांस कळत नाहीं तें निरुपयोगी, असें मानणें हा गर्व होय. तो आमचे हातून घडला.

कोणी म्हणेल, चर्चमध्यें विजेच्या ऑर्गनला मान तो केवढा! खरें आहे. रोमच्या ३ सप्टेंबर १९५८ च्या सूचनापत्रांत त्यास केवळ तात्पुरती मुभा होती. तीही लहानसा नळ्यांचा ऑर्गन घेण्याचें सामर्थ्य नसेल तर आणि बिशपांच्या स्पष्ट अनुमतीनें. म्हणजे हें गरिबांच्या चर्चचें वाद्य. आमचें चर्चही तसेंच होतें, आणि ह्याच वाद्यावर आपल्या वडिलांनीं मिस्सेचीं गीतें शिकलीं.

म्हणून आमचें उत्तर असें: ऑर्गन तूर्त भंगारांत जाणार नाहीं. त्याच्या मागच्या फळीस आंतून नकाशा चिकटविलेला आहे. एक कोपरा वाळवीनें खाल्ला आहे, बाकी शाबूत. त्याची प्रत काढून आम्ही जाणत्या कारागिरास दाखवूं. वाद्य बोलेलच असें वचन देत नाहीं, आणि गरिबांच्या पेटींतील एक पैसाही त्यावर खर्च होणार नाहीं. तुम्हांकडे एकच मागणें. तुमच्या घरीं जुन्या वादकांचे, गायकांचे कांहीं कागद असतील, तर ते कळोत वा न कळोत, रद्दींत घालण्यापूर्वीं आमच्याकडे आणा. वाळवीनें खाल्लेला तो कोपरा कोणाच्या पेटींत सांपडेल, हें आज कोणी सांगावें?