बॅटरी कपाटात कोंडू नका
(वैशाखरे येथे मंडळीच्या बंधुभगिनींसमोर केलेले भाषण)



आज संदेश नाही, बॅटरीबद्दल बोलणार आहे. तुमच्या देणग्यांमुळे पाड्यांवर सोलरचे दिवे आले. पावसाळ्यात वारा सुटला की वीज जाते, मग मुलांचा अभ्यास या दिव्यांवरच होतो. पीएम-जनमन ही सरकारी योजना नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, तिच्यातही कातकरी घरांसाठी सोलरची तरतूद आहे. म्हणजे बॅटऱ्या वाढणारच. म्हणून माझी चूक तुम्हाला सांगतो.

एका प्रार्थनाघरात मी वायरमनला म्हणालो, "भाऊ, जागा कमी आहे, मुलं इथंच झोपतात. बॅटरी खाली, इन्व्हर्टर वर, सगळं एकाच कपाटात बसव." दिसायला सुबक झालं. ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी वीज गेली, इन्व्हर्टर आपोआप सुरू झाला, आणि फाडकन आवाज आला. कपाटाचं दार उडालं, बॅटरी फुटली, अॅसिड मुलांच्या अंथरुणांवर पडलं. मुलं बाहेर जेवायला बसली होती. मला त्या रात्री झोप आली नाही.

झालं असं. पाणी घालायची बॅटरी पूर्ण चार्ज होत आली की तिच्यातून हायड्रोजन निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो हवेपेक्षा हलका, म्हणून वर चढतो. हवेत शंभरात चार भाग झाला तरी ठिणगीनं पेटतो. आणि इन्व्हर्टरमध्ये, स्विचमध्ये ठिणगी पडतेच. मी ठिणगी नेमकी गॅसच्या वाटेवर टांगली होती.

जुन्या करारात, अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात, नव्या घराच्या गच्चीला कठडा करायला सांगितलं आहे, कोणी पडू नये म्हणून. डिप्लोमाच्या परीक्षेत मी त्यावर उत्तर लिहिलं होतं. कपाट करताना आठवलं नाही.

आता आम्ही बॅटरी लाकडी घडवंचीवर ठेवतो, झोपायच्या खोलीबाहेर, आणि वर भिंतीला छपराजवळ जाळी ठेवतो. इन्व्हर्टर बाजूच्या भिंतीवर, बॅटरीच्या डोक्यावर कधीच नाही. फार लांबही नको, तार लांबली की व्होल्टेज पडतं. प्लसच्या तारेला बॅटरीजवळच फ्यूज, पण पेटीच्या बाहेर. बारा व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून पोरं बिनधास्त पाना फिरवतात. पण पाना दोन्ही टोकांना टेकला तर लालबुंद होतो. हातातलं कडं, अंगठी काढूनच काम करावं. अॅसिड उडालं तर भरपूर पाण्यानं धुवत राहावं, डोळ्यात गेलं तर धुऊन लगेच दवाखाना.

या सगळ्याला थोडा जास्त खर्च येतो. पॅनेलसाठी देणगी देताना जाळी, घडवंची आणि फ्यूजचेही पैसे त्यात धरा, एवढी विनंती. आणि तुमच्या वस्तीवर बॅटरी कपाटात असेल तर कपाटाचं दार उद्या सकाळीच काढून ठेवा. इन्व्हर्टर हलवायला आम्ही येतो.