चेटकिणीची टोपी कुणी घातली?

झरीहून बोलतोय. आजचा विषय आहे टोपीचा.

कार्टूनमधली चेटकीण पोरं लगेच ओळखतात. कशावरून? उंच टोकदार टोपीवरून. पण आपल्या आजीच्या गोष्टीतल्या हडळीला टोपी होती का? नाही. तिचे केस मोकळे, पाय उलटे. टोकदार टोपी आपल्याकडं घालतो तो वासुदेव. मोरपिसांची टोपी, हातात चिपळ्या, आणि सकाळी दारात "दान पावलं". त्याला कुणी घाबरत नाही. म्हणजे नुसत्या टोकात जादू नसते.

मग टोपी आणि जादूटोणा यांची गाठ कुठं पडली? एक धागा शेजारच्या गोव्यात सापडतो. तिथं 1560 साली पोर्तुगिजांचं इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, सुरू झालं. देलाँ नावाचा एक फ्रेंच वैद्य त्याच्या कैदेत होता. 1676 सालच्या शिक्षेच्या मिरवणुकीत तो स्वतः चालला, आणि 1687 साली त्यानं त्यावर पुस्तक छापलं. जादूटोण्याचा आरोप असलेल्यांच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या टोकदार टोप्या होत्या, त्यांवर सैतान आणि ज्वाळा रंगवलेल्या, असं तो सांगतो. अशा टोपीला 'कारोशा' म्हणत. स्पेनमध्येही हीच रीत होती.

आता बघा, ही टोपी त्या माणसांनी हौसेनं घातली नव्हती. न्यायालयानं घातली होती. आधी आरोप, मग टोपी, आणि मग बघणारे म्हणणार, "बघा, दिसतोच की मांत्रिक!"

युरोपातल्या चित्रांतून टोकदार टोपीची चेटकीण पुढं गोष्टीच्या पुस्तकांत आली. 1939 च्या 'द विझार्ड ऑफ ऑझ' या चित्रपटानं ती जगभर पक्की केली.

हे सगळं आज का सांगतोय? कारण टोपी गेली, पण घालण्याची सवय गेली नाही. गावात कुणाचं लेकरू आजारी पडलं, जनावर दगावलं, की बोट जातं एखाद्या एकट्या बाईकडं. "तिनंच करणी केली." ही न दिसणारी टोपीच की! आपल्या राज्यात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. असा आळ घेऊन कुणाला छळणं हा गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद होऊ शकते.

तेव्हा लेकराला ताप आला तर दवाखान्यात न्या. आणि कुणी कुणाकडं बोट दाखवलं, तर एवढंच विचारा: ही टोपी तिची आहे, का तुम्ही घातलीय?

भेटू पुढच्या भागात. रामराम.