घोणस कुठली, गाव कुठलं



मृगाचे दोन-चार चांगले पाऊस झाले की खाचरांत बेडकांचा गलका सुरू होतो, उंदीर बांधावर येतात, बिळांत पाणी शिरतं आणि माणसाची नि सापाची गाठ पडायला लागते. ‘अमक्याच्या पोराला पान लागलं’ ही बातमी या चार महिन्यांत गावोगाव कानावर येते. त्या मुलाच्या अंगात भिनणाऱ्या विषावर गेल्या काही वर्षांत जगभरच्या विद्यापीठांतून बरंच संशोधन झालं. त्यातलं काही वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आलं, काही कुठेच आलं नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो : न गाजलेलं संशोधन आपल्या जास्त कामाचं आहे.

सुरुवात मोजणीपासून करू. सर्पदंशानं भारतात दरसाल किती माणसं मरतात, या साध्या प्रश्नाला आपल्याकडे बरीच वर्षं धड उत्तर नव्हतं. सरकारी आकडे रुग्णालयांतून येत, आणि साप चावलेली माणसं तर रुग्णालयाच्या वाटेवर, नाहीतर भगताच्या अंगणात, नाहीतर घरच्या अंथरुणावरच जात. टोरांटो विद्यापीठातले प्रभात झा आणि त्यांचे भारतीय सहकारी यांनी वेगळा रस्ता धरला. जनगणनेचं काम पाहणाऱ्या महानिबंधक कार्यालयाच्या पाहणीतले कर्मचारी घरोघर जायचे. घरात कोणी वारलं असेल तर शेवटच्या दिवसांत काय काय झालं, ते घरच्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यायचे. पापण्या मिटायला लागल्या होत्या का, लघवीतून रक्त गेलं का, पाय सुजला होता का. तो कागद मग दोन डॉक्टर एकमेकांना न विचारता वाचायचे आणि मृत्यूचं कारण ठरवायचे. या कामात ना सूक्ष्मदर्शक होता, ना परीक्षानळी. पण २०११ साली पहिला निष्कर्ष आला तेव्हा कळलं, की एकट्या २००५ सालात सुमारे ४६ हजार माणसं सर्पदंशानं गेली होती. रुग्णालयांच्या कागदांवरच्या आकड्याच्या हे तीस पटींहून जास्त! पुढे २०२० साली त्यांनी वीस वर्षांचा हिशेब मांडला : २००० ते २०१९ या काळात १२ लाख मृत्यू, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले.

यांतले साधारण ७० टक्के मृत्यू ज्या आठ राज्यांत झाले, त्यांत महाराष्ट्र नाही. म्हणून आपल्याकडे सगळं आलबेल आहे असं मात्र कोणी समजू नये. कोकणातल्या सड्यांवर फुरसं आहे, उसाच्या फडात घोणस आहे, आणि जमिनीवर अंथरूण टाकून झोपणाऱ्या प्रत्येक घराला मण्यारची धास्ती आहे. मण्यार बहुधा रात्री चावतो. दंश कित्येकदा जाणवतही नाही, सूज येत नाही. पहाटे पोटात दुखतं, घरचे ओवा-सोडा देतात, आणि दिवस वर येईतो रोग्याच्या पापण्या जड होऊन खाली येतात. मग श्वास.

यावरचं औषध आजही घोड्याच्या रक्तातूनच मिळतं. ही युक्ती १८९० च्या दशकात फ्रान्समध्ये आल्बेर काल्मेत यांनी काढली, आणि मूळ पद्धत फारशी बदललेली नाही. घोड्याला विषाची अगदी थोडी मात्रा टोचायची, हळूहळू ती वाढवत न्यायची, त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार झाली की रक्त काढून ती वेगळी करायची, शुद्ध करायची आणि सुकवून पावडर करायची. मुंबईच्या हाफकिन संस्थेचं नाव आपल्याकडे या कामाशी पिढ्यान्‌पिढ्या जोडलेलं आहे. भारतात मिळणाऱ्या बाटलीत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्याच विषावरचा उतारा असतो. तो द्रव करून घेतला की एक मिलिलिटरमागे नागाचं ०.६ मिलिग्रॅम, घोणशीचंही तितकंच आणि मण्यार नि फुरशाचं ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी व्हावं, असं प्रमाण ठरलेलं आहे. रोग्याला सुरुवातीलाच अशा आठ-दहा बाटल्या लागतात. घोड्याचं प्रथिन माणसाच्या अंगात जातं म्हणून काहींना जोराची रिअ‍ॅक्शन येते. त्यासाठी शेजारी अ‍ॅड्रिनलिन भरून ठेवावं लागतं.

आता कळीचा मुद्दा. घोड्याला टोचलेलं विष येतं कुठून? देशातल्या कंपन्यांना लागणाऱ्या विषाचा मोठा भाग तमिळनाडूत, महाबलिपुरमजवळच्या इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेतून येतो. १९७८ साली सुरू झालेली ही संस्था. कातडीच्या व्यापारावर बंदी आल्यावर साप धरणाऱ्या या लोकांच्या पोटापाण्याची सोय म्हणून ती उभी राहिली. साप मातीच्या मडक्यांत ठेवतात, मडक्याच्या तोंडावर फडकं बांधतात, काही आठवडे विष काढून पुन्हा रानात सोडतात. काम नामी आहे. पण साप तिकडचे.

आणि सापाचं विष सगळीकडे सारखं नसतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर आणि त्यांचे विद्यार्थी गेली काही वर्षं हेच तपासताहेत. २०१९ साली त्यांनी दाखवलं, की चौघांच्या यादीत नसलेल्या सापांवर ही औषधं तोकडी पडतात. पश्चिम भारतातला सिंध मण्यार त्यांच्या तपासणीत सर्वांत जहाल निघाला, आणि त्याच्या विषासाठी स्वतंत्र औषध आपल्याकडे नाही. २०२५ सालच्या अभ्यासात त्यांनी देशातल्या ३४ ठिकाणच्या ११५ घोणशींचं विष तपासलं. त्यातून असं दिसलं, की पाऊस आणि तापमान यांचा विषाच्या घडणीशी काही अंशी संबंध आहे. कोरड्या प्रदेशातल्या घोणशींच्या विषात प्रथिनं तोडणारी विकरं जास्त. मला यात फार मोठी गोष्ट दिसते. माणदेशात वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर घाट उतरून कोकणात आलं की ३,००० मिलिमीटर. दोन्हीकडे घोणस आहे, आणि दोन्हीकडच्या रोग्याला दिली जाणारी बाटली एकच. साप नुसता ओळखून भागत नाही, तो कुठल्या गावचा हेही विचारावं लागणार. झा यांच्या २०२० च्या त्या पाहणीत जुन्या अभ्यासांमधले सुमारे ८७ हजार दंश एकत्र करून पाहिले, तर ४३ टक्के घोणशीचे निघाले. तेव्हा घोणशीचा प्रश्न बाजूला ठेवून पुढे जाता येत नाही.

हे डोक्यात ठेवून गाजलेल्या बातम्यांकडे वळू. अमेरिकेत टिम फ्रीडी नावाचा एक माणूस आहे. पूर्वी ट्रक दुरुस्त करायचा. त्यानं जवळजवळ अठरा वर्षं निरनिराळ्या जहाल सापांचं विष स्वतःला टोचून घेतलं, शेकडो वेळा सापांकडून चावूनही घेतलं. (श्रोत्यांपैकी कोणी याचा विचारही मनात आणू नये, एवढं सांगतो.) कोलंबिया विद्यापीठातल्या पीटर क्वाँग यांनी आणि जेकब ग्लॅनव्हिल यांच्या कंपनीनं मिळून याच माणसाच्या रक्तातली दोन प्रतिपिंडं निवडली, त्यांना व्हॅरेस्प्लाडिब नावाच्या औषधाची जोड दिली आणि उंदरांवर प्रयोग केले. १९ जातींच्या सापांपैकी १३ जातींपासून पूर्ण संरक्षण मिळालं, बाकीच्यांपासून काही प्रमाणात. मे २०२५ मध्ये बातमी आली आणि ‘सगळ्या सापांवर एकच औषध’ असे मथळे झळकले. ते चुकीचे होते. तपासलेले एकोणीसही साप नाग-मण्यार कुळातले. घोणस आणि फुरसं या कुळात येतच नाहीत.

त्याच वर्षी जानेवारीत दुसरी बातमी आली. वॉशिंग्टन विद्यापीठातले डेव्हिड बेकर, ज्यांना २०२४ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं, त्यांच्या गटानं डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठाबरोबर काम करून संगणकावर अगदी नवी प्रथिनं रचली. निसर्गात ती कुठेही नाहीत. नागाच्या विषातला एक रेणू असा असतो, की त्याच्या तीन लांब वळ्या बोटांसारख्या पुढे आलेल्या असतात, आणि त्या नेमक्या मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोचतो त्या जागी जाऊन अडकतात. रचलेलं प्रथिन या बोटांवर टोपणासारखं घट्ट बसतं. उंदीर वाचले. घोडा नको, शीतपेटीची कटकट कमी होईल, खर्चही उतरेल, अशी आशा आहे. बुद्धीची कमाल आहे, यात वादच नाही. पण हेही नाग-मण्यारचंच.

घोणशीच्या बाबतीत आशा आहे ती त्या व्हॅरेस्प्लाडिबकडून. हा रेणू सापासाठी शोधलेला नाही. जंतुसंसर्ग रक्तात पसरतो त्या आजारासाठी तो पूर्वी आजमावला होता, तिथे चालला नाही. विषातल्या एका महत्त्वाच्या विकराला तो रोखतो, आणि गोळीच्या रूपात देता येतो. भारत आणि अमेरिकेतल्या ९५ रुग्णांवर त्याची चाचणी झाली, नेहमीच्या उपचाराच्या जोडीला. २०२४ साली निकाल आला. सरसकट पाहता ठोस फरक दिसला नाही. दंशानंतर पाच तासांच्या आत ज्यांना गोळी मिळाली, त्यांच्यात सुधारणेकडे कल दिसला. मला हा निकाल उंदरांच्या दोन्ही बातम्यांपेक्षा मोलाचा वाटतो, कारण तो माणसांवरचा आहे आणि त्यात अपयश झाकलेलं नाही.

पाच तास! पाड्यावरून डांबरी सडक, सडकेवरून तालुका, तिथे बाटल्या संपल्या म्हणून जिल्हा. या वाटेवरचं संशोधनही आपल्याकडे झालं आहे. डहाणूत राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेनं (संस्थेच्या नावावर जाऊ नका) आशाताई, सरकारी डॉक्टर आणि भगत या सगळ्यांपर्यंत जाऊन सर्पदंशावर काम केलं. सापाबाहेरचंही एक उदाहरण आहे : महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी विंचूदंशावर प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी वापरून पाहिली आणि लाल विंचवानं मरणारी माणसं वाचवली. खेड्यातल्या रुग्णांच्या नोंदी नेटानं ठेवून केलेलं ते संशोधन ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं.

प्राथमिक आरोग्य केंद्रात घोणशीच्या विषाची चाचणी कशी करतात, तेही सांगतो. काचेची कोरडी, स्वच्छ नळी घ्यायची. रोग्याचं दोन मिलिलिटर रक्त तिच्यात घालायचं आणि न हलवता वीस मिनिटं ठेवायची. मग एकदाच तिरकी करून पाहायची. रक्त गोठलं असेल तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर विष अंगात आहे, बाटल्या उघडा. नळी प्लास्टिकची असेल, किंवा साबणानं धुतलेली असेल, तर चाचणी फसते. ना वीज लागते, ना यंत्र. तरी आरोग्य केंद्रात कोरडी काचेची नळी हाताशी असतेच असं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत वरचं स्थान दिलं. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला : २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे. त्याच वर्षी नोव्हेंबरात सर्व राज्यांना पत्रं गेली, की सर्पदंश हा नोंद सक्तीचा आजार करा, खासगी दवाखान्यांनीही प्रत्येक रुग्ण कळवावा. निम्मे मृत्यू म्हणजे कशाचे निम्मे, रुग्णालयांच्या वहीतल्या आकड्याचे की घराघरांत जाऊन मोजलेल्या ५८ हजारांचे, हे त्या नोंदी कशा ठेवल्या जातात यावर ठरणार आहे.