दोघांनीही अर्ज करावा



मी सातवी शिकलेली. परराष्ट्र सेवेविषयी मी काय बोलणार! पण माझी पुतणी व आमचे जावई, दोघेही यंदा त्या परीक्षेचा अर्ज भरणार, म्हणून चार शब्द.

पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा व मुलाखत अशा तीन पायऱ्या. मुख्य परीक्षा मराठीतूनही देता येते. वडीलधारी म्हणतात, "त्याने भरावा, तिने कशाला? दोघे दोन देशांत गेली तर संसार कोणी सांभाळायचा?" प्रश्न खरा आहे, पण तो दोघांनी मिळून सोडवायचा.

१९४९ साली सी. बी. मुथम्मा या सेवेत आल्या. लग्न केल्यास राजीनामा देईन, असे त्यांच्याकडून लिहून घेतले होते. १९७० साली त्या हंगेरीत राजदूत झाल्या. पुढे बढती नाकारली, तेव्हा त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९७९ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी अशा नियमांवर कडक ताशेरे ओढले. लग्नाची ती अट गेली.

सरकारने काढलेली अट आपण माजघरात का पाळावी? १९३८ साली चीनला गेलेले डॉ. कोटणीस आपल्या सोलापूरचेच. लेकीनेही दूर जावे. अर्ज दोन भरू द्या. निकाल परीक्षा देईल.